आईचं मत

तिकोणा पेठ,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. स्नेहल,

तुला आबांचा आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. भात झोडून घरात आलं, इंद्रायणी यंदा बरी उतरली. थंडी चांगलीच पडलीय, धरणावरचं धुकं नऊ वाजले तरी उठत नाही. पाण्याच्या कडेला तंबूवाल्या पाहुण्यांची गर्दी सुरू झाली. तुझं कसं चाललंय? दिवसभर कॉलेजच्या लायब्ररीत काम आणि खोलीवर आल्यावर नेट परीक्षेचा अभ्यास, म्हणजे एकाच माणसाने दोन पाळ्या करण्यासारखं आहे. वेळेवर जेवत जा.

तू आईसाठी पाठवलेली दोन्ही पुस्तकं पोचली. पुडक्यातली चिठ्ठीही वाचली. ‘आईने फोनवर नुसतं छान हाय म्हणायचं नाही, दर वेळेसारखं मत लिहून पाठवायचं,’ असा तुझा हुकूम. तर या वेळी ती सांगतेय आणि मी लिहितोय. रेल्वेत एकतीस वर्षं रूळ तपासले, आता जरा ओळी तपासा, असं तिचं म्हणणं. रिटायर माणूस घरात रिकामा दिसला की बायकांना बघवत नाही, दुसरं काय.

पुस्तकंही मीच मोठ्याने वाचतो. दुपारी जेवणं झाली की आम्ही ओट्यावर बसतो, ती लसूण सोलते आणि मी वाचतो. पहिले दोन दिवस तिने माझी फार चेष्टा केली. म्हणाली, “अवो, त्यानं तिचा हात धरलाय आन् तुमी ‘गाडी अर्धा तास उशिरा धावत आहे’ असं वाचताय.” आता जरा सुधारलोय. वरच्या ठाकरवाडीतल्या सावित्राबाई, आपल्या भातलावणीला येतात त्या, एकदा लाकडाची मोळी टाकायला आल्या आणि बसल्या. आता रोज येतात.

मतं लिहितो.

‘अठ्ठावीस मिस्ड कॉल’. प्रेमकथा. हिंजवडीच्या कंपनीतला मुलगा आणि मुलगी. तिसाव्या पानावर जमतं, चाळिसाव्या पानावर गैरसमज होतो, आणि तिथून दोनशे बाराव्या पानापर्यंत दोघांपैकी एकजण फोन उचलत नाही. आईचं म्हणणं, लिहिणारीला बोलणं फार छान लिहिता येतं, भांडण तर त्याहून छान. पण ज्या गैरसमजावर एवढं घर उभं केलं तो तकलादू आहे. “दोघांस्नी येका खोलीत बसवून च्या दिला असता तर पन्नास पानात पुस्तक मिटलं असतं.” सावित्राबाईंनी विचारलं, “भाऊ, येकाच हापिसात हायती ना दोगं? मंग जिना उतरून सांगाया काय झालं?” पण शेवटी मुलगी पावसात भिजत त्याच्या दारात येते तिथे लसूण सोलायचं थांबलं होतं, हेही लिहायला हवं. आई म्हणाली, खोटं आहे पण गोड आहे.

‘बंगला नंबर एकोणीस’. हे रहस्याचं, आणि आपल्या तुंगार्लीत घडणारं. तळ्याकाठचा बंगला, मुंबईचे सहा पाहुणे, सकाळी एक मेलेला. आईने सत्तराव्या पानावर खुनी सांगितला. बंगल्याच्या मालकाची वहिनी. मी म्हटलं, ती तर नुसती चहा घेऊन येते नि जाते. आई म्हणाली, “म्हनूनच. नुसत्या च्यासाठी लेखक तिच्या साडीचा रंग तीनदा कशाला सांगंल?” तसंच निघालं. तरी बांधणी चांगली आहे म्हणते, कळलेलं असूनही ऐकावंसं वाटत राहिलं. तिची तक्रार एकच, बंगल्याचा वॉचमन प्रत्येक पुस्तकात दारुडाच का असतो? आपल्या गावातली चार माणसं बंगल्यांवर कामाला आहेत, त्यांतला एकही पीत नाही. माझी तक्रार वेगळी. त्या खुनी वहिनीचा साथीदार घाटात धावत्या एक्स्प्रेसमधून उडी मारतो आणि वीस मिनिटांत तुंगार्लीला पोचतो. त्या घाटात मी पायी किती वर्षं काढली तुला माहीत आहे. तिथे उडी मारणारा वीस मिनिटांत तुंगार्लीला पोचत नाही, वर पोचतो.

कादंबऱ्या वाचून पोरी बिघडतात असं मी म्हणायचो. तू बारावीत असताना तुझ्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं होतं ते मला आठवतं. आता मीच पुढचं प्रकरण काय असेल म्हणून घाईघाईने जेवतो.

आईची तब्येत कशी, असं चिठ्ठीत खाली लिहिलंयस. बरी आहे. थंडीमुळे बाहेर कमी पडते. व्हिडिओ कॉलचं म्हणशील तर डोंगराच्या या अंगाला रेंज टिकत नाही, चित्र अडकतं आणि तुझा वेळ जातो. आवाजावर भागव थोडे दिवस.

आणखी पुस्तकं पाठवलीस तर जरा ठळक अक्षराची बघ. माझा चष्मा जुना झालाय.

तुझे
आबा


तिकोणा पेठ,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. स्नेहल,

आशीर्वाद. पेपर बरा गेला असं फोनवर म्हणालीस, जीव हलका झाला. निकाल यायचा तेव्हा येईल, तू तुझं काम केलंस. संक्रांतीला तू नव्हतीस. आईने तिळाच्या वड्या सावित्राबाईंकडून करून घेतल्या, तुझ्यासाठी डबा भरून ठेवलाय.

नवीन पुस्तक मिळालं. ‘नजरेपलीकडची सायली’. त्याचं मत लिहायला मी चार वेळा बसलो आणि चार वेळा कागद घडी करून ठेवून दिला. आज लिहितोच.

तुला गोष्ट माहीत असेल. सायली गाते, तिचं लग्न ठरतं, अपघातात तिचे डोळे जातात आणि ती नवऱ्या मुलाला न सांगता घर सोडून जाते. मला आधी कल्पना नव्हती. मुखपृष्ठावर मोगऱ्याची फुलं होती, म्हटलं असेल काहीतरी हलकंफुलकं. सहाव्या प्रकरणात डॉक्टर तिच्या डोळ्यांवरची पट्टी काढतो तिथपर्यंत वाचलं आणि माझ्या लक्षात आलं पुढे काय आहे. मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढून सुरुवात केली.

आई म्हणाली, “थांबा.”

मी म्हटलं, काय झालं?

“कागद दोनदा वाजला. मदी तुमी बोलला न्हाईत.”

मी म्हटलं, चिकटली होती पानं.

“मंग सोडवा आन् वाचा.”

सावित्राबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मागे गेलो आणि वाचलं. पट्टी निघते, सायली विचारते, लाईट गेलेत का? त्या ओळीवर मी वाचायचा थांबलो. आईने माझ्या हातातलं पुस्तक चाचपलं, मिटलं, आणि मला पाण्याचा तांब्या दिला. तो देतानाही तिचा हात एकदा माझ्या हाताच्या शेजारून गेला.

स्नेहल, तुझ्या आईला वाचता येत नाही. दोन महिने होत आले. डावा डोळा पूर्ण गेलाय. उजव्याने उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं. पुस्तकातलं अक्षर दिसत नाही. मागच्या पत्रात मी जे जे लिहिलं, रिकामा माणूस, थंडी, रेंज, माझा चष्मा, ते सगळं यासाठी.

आता सुरुवातीपासून सांगतो, कारण यात माझा वाटा आहे आणि तो तुला माझ्याकडूनच कळायला हवा.

श्रावणात एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती म्हणाली, “दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय. इंद्रधनुष्यावानी.” मी म्हटलं, नंबर वाढला असेल, भात निघू दे मग जाऊ कामशेतला चष्म्याच्या दुकानात. दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा म्हणाली, डोळा जड वाटतो, डोकं दुखतं. मी पुन्हा म्हटलं, भात निघू दे. दिवाळीत तू आलीस तेव्हा कंबर दुखते म्हणून तिने रांगोळी तुझ्यावर टाकली, आठवतं? कंबर दुखत नव्हती. सावित्राबाईंनी मला नंतर सांगितलं की वयनीच्या निवडलेल्या तांदळात खडे राहायला लागले होते, त्या गुपचूप पुन्हा निवडून ठेवायच्या. परक्या बाईच्या लक्षात आलं. मी त्याच ताटात जेवत होतो. रुळाच्या जोडावरची केसाएवढी चीर मला उन्हातही दिसायची, त्याबद्दल साहेबाने शाबासकी दिली होती. घरातलं दिसलं नाही.

एकोणीस नोव्हेंबरला सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, डावा डोळा लाल, कपाळ फुटेल एवढं दुखणं. मला वाटलं पित्त. आलं-लिंबू दिलं, डोक्याला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “अवो, ह्या बाजूनं अंधार झाला.” तेव्हा गाडी केली आणि पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाई भली होती, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “काल सकाळी आणायला हवं होतं.” काचबिंदू. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि मागची नस सुकते, सुकलेली नस परत हिरवी होत नाही. उजव्या डोळ्याचीही कड त्याने खाल्लीय. तिथे लेझर केलं, थेंब सुरू आहेत, प्रेशर आता ताब्यात आहे.

आता चांगलं सांगतो. उजव्या डोळ्यात वर मोतीबिंदूही आहे, आणि दिसत नाही त्यातलं बरंचसं त्या मोतीबिंदूमुळे आहे. तो काढता येतो. चार फेब्रुवारीला पुण्यात ऑपरेशन ठरलंय. किती दिसेल ते काढल्यावरच कळेल, पण डॉक्टरीणबाई म्हणाली, आशा धरायला जागा आहे. हे तिचे शब्द, माझे नाहीत. मी दोनदा विचारून घेतले.

तुला कळवलं नाही ते मी ठरवलं. परीक्षा तोंडावर होती, तू अभ्यास टाकून आली असतीस. बरोबर केलं असं म्हणत नाही.

पुस्तकाचं मत राहिलं. आईने ते पूर्ण वाचून घेतलं माझ्याकडून, रडतरडत नाही, रागावत. तिचं मत असं, लिहिणारीने एकदा डोळे बांधून दोन दिवस घरात वावरायला हवं होतं. “ती सायली सारखी आरशाम्होरं जाऊन रडती. आंधळ्या बाईला आरसा कशाला आठवंल? तिला पयल्यांदा मिठाचा डबा सापडत न्हाई.” आणि शेवटी सायलीला दुसऱ्याचे डोळे बसवतात आणि तिला सगळं लख्ख दिसायला लागतं, ते तर तिला मुळीच पटलं नाही. पण मधलं एक प्रकरण तिने दोनदा वाचायला लावलं. सायली पायऱ्या मोजून गच्चीवर जाते आणि वाळत घातलेले कपडे वासावरून ओळखून घड्या घालते ते. म्हणाली, हे मात्र खरं लिहिलंय. दुसऱ्या दिवशी आपल्या दांडीवरचे कपडे तिने एकटीने काढून आणले. माझी बंडी सावित्राबाईंच्या पोत्यात गेली, पण बाकी सगळं बरोबर.

हे पत्र तिला माहीत नाही. ती मागच्या दारी उन्हात बसलीय. फोनवर सांगितलं असतं, पण घर केवढं आहे तुला माहीत आहे, आणि तुझ्या आईचे कान आता चौपट झालेत.

तुला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन.

तुझा अपराधी,
आबा


तिकोणा पेठ,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. स्नेहल,

आशीर्वाद. तू शुक्रवारी आईला फोन केलास तेव्हा मी पाणी धरायला मळ्यात होतो. घरात असतो तरी फोन माझ्याकडे आला नसता, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितोय.

माझं दुसरं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तू कोल्हापूरहून निघालीस आणि सकाळी पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभी राहिलीस. आईच्या गळ्यात पडून रडलीस, आणि मग ओट्यावर येऊन मला म्हणालीस, “पुस्तकांबद्दल चार पानं लिहिलीत, आणि आईबद्दल ‘बरी आहे’ एवढंच? आबा, मी परकी आहे का?” मग तू म्हणालीस, “परीक्षा पुन्हा देता आली असती.” तेही खरं. मी डॉक्टरांकडे न्यायला उशीर केला याचा तुला राग आहेच, पण लपवलं याचा त्याहून जास्त आहे, हे मला त्या दिवशी तुझ्या तोंडावरून कळलं. चार दिवस राहिलीस, माझ्या ताटात भाकरी वाढलीस, पण बोलली नाहीस. ऑपरेशनला पुन्हा आलीस, रात्रंदिवस आईच्या खाटेशी बसलीस, आणि जाताना मला एवढंच सांगितलंस, “थेंब वेळेवर घाला.”

घालतोय. भिंतीवर कागद लावलाय, दिवसातून तीन वेळा, घड्याळ बघून. एकही वेळ चुकलेली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काल पुण्याला चष्म्यासाठी तपासायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईने आईला खुर्चीत बसवून समोरचा बोर्ड वाचायला सांगितलं. आईने वरची ओळ वाचली. मग दुसरी. मग तिसरी. चौथीला अडली, मान थोडी डावीकडे फिरवली आणि वाचली. पाचवी नाही आली. डॉक्टरीणबाई म्हणाली, “कडा परत येणार नाहीत काकू, मधलं आपल्याला जपायचंय.” आई म्हणाली, “मधलंच तर वाचायचं असतं.” खोलीतली नर्सही हसली. मी जरा बाहेर जाऊन आलो.

मग जवळचा चष्मा लावून तिच्या हातात एक छापील कागद दिला. मोठी अक्षरं वाचली, बारीक नाही. पंधरा मिनिटांत डोळा दमतो. शिवणाच्या दोऱ्यासारखं एकेक अक्षर ओढावं लागतं म्हणते. पण वाचते, स्नेहल. तुझी आई वाचते. पूर्वीसारखं नाही, आणि पूर्वीसारखं होणार नाही, हे तिला माझ्यापेक्षा आधी कळलंय.

तू मागच्या आठवड्यात पाठवलेलं पुस्तक, पुडक्यावर फक्त तिचंच नाव होतं ते, ‘चौथ्या घंटेचा साक्षीदार’, आम्ही आज सुरू केलं. ठळक छपाईचं शोधून पाठवलंस, ते तिने हात फिरवूनच ओळखलं होतं. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून पहिलं पान तिने स्वतः वाचलं. सावित्राबाई श्वास रोखून बसल्या होत्या, जणू खून आत्ताच होणार आहे. पानाच्या शेवटी आई थांबली आणि पुस्तक माझ्याकडे दिलं, “आता तुमी. पर मेल्यालं माणूस जरा हळू मारा.” तर आता असं ठरलंय. पहिलं पान तिचं, बाकीचं माझं.

मत एवढ्यात देता येत नाही, चाळीसच पानं झालीत. पण शाळेच्या शिपायावर संशय घ्यायला लावतायत म्हणजे तो निर्दोष आहे, यावर तिघांचं एकमत आहे.

आणखी एक. आई सराव म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड स्केचपेनाने अक्षरं काढते. सावित्राबाईंनी परवा एका अक्षरावर बोट ठेवून विचारलं, “ह्यो कोन?” आई म्हणाली, “ह्यो तुमीच. सा.” आता त्यांची पाच अक्षरं झालीत. त्यांचं म्हणणं, नाव पुरं झालं की पहिल्यांदा रेशनच्या दुकानात जाऊन अंगठ्याऐवजी सही करणार. दुकानात आता अंगठा मशीनवरच लागतो हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. सही कुठेतरी करवूच.

आता मला स्वतःचं एक मत लिहू दे, आईचं नाही. या चार महिन्यांत आईची जुनी पुस्तकं धरून मी आठ-नऊ प्रेमाच्या कादंबऱ्या वाचल्या. सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. चुकलेला माणूस शेवटून दुसऱ्या पानावर माफी मागतो आणि शेवटच्या पानावर समोरचा माणूस धावत येतो. मध्ये एका पानाचंही अंतर नसतं. हे मला पटत नाही. ज्याला दुखलंय त्याला वेळ लागतो. तो किती लागावा हे दुखवणाऱ्याने ठरवायचं नसतं. तेव्हा तू फोन कर असं मी म्हणत नाही. तुझा राग खोटा नाही आणि मला तो घालवायची घाई नाही. फक्त माझ्याकडून जे कळायला हवं ते इथून पुढे त्याच दिवशी कळेल. डोळ्याचं प्रेशर वर गेलं तर कळेल, मी थेंब विसरलो तर तेही कळेल.

आई केव्हापासून कागद मागतेय. म्हणते, तुमचं झालं असलं तर आता तुमी मळ्यात जा, मला लिव्हायचंय. मी म्हटलं, मी धरतो कागद. तर म्हणाली, “न्हाई. वाचायचं बी न्हाई. पाकीट मी चिकटवणार.” तेव्हा खाली काय आहे ते मला माहीत नाही. ओळी चढल्या-उतरल्या असतील, सांभाळून घे.

तुझे
आबा


स्नेहल बाळा,

हा कागद मला दिसतो. माझा हात दिसतो. पेन मोठा आहे म्हणून थोडंच लिहिते.

तुला कळवायचं नाही अशी शपथ यांना मी घातली होती. माझ्या गळ्याची. दवाखान्यातल्या खाटेवरच घातली. हे रोज विचारायचे, आता सांगू का पोरीला. मी रोज नाही म्हणायचे. तुझ्या परीक्षेसाठी म्हणायचे, पण तेवढंच नव्हतं. तू घाबरशील आणि तुझा घाबरलेला चेहरा मला दिसणार नाही, याची मला भीती वाटायची. शेवटी शपथ मोडून यांनी पत्र लिहिलं आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

तू आलीस, यांना बोललीस, तेव्हा मी आतून ऐकत होते. उठून सांगायला हवं होतं. तू माझ्यावर पण रुसशील म्हणून गप्प बसले. ही माझी चूक.

उशीर यांनी केला. ते खरं आहे, ते मी खोडत नाही. पण लपवलं मी. माझ्या वाटणीचा राग माझ्यावर काढ, मी कुठं मोडत नाही.

हे मळ्यातून दिवस मावळता घरी येतात. तेव्हाच फोन कर. मी उचलणार नाही.

तुझी
आई